ताणाचें कापड आणि शेताची माती

स्वित्झर्लंड देशांत २०२१ सालीं तेथील सरकारी शेतकी संशोधन संस्था व झूरिच विद्यापीठ यांनीं मिळून एक प्रयोग आरंभिला. प्रथमदर्शनीं तो थट्टेचा वाटावा असाच होता. देशांतील सुमारें एक हजार शेतकरी व बागवाले यांस प्रत्येकीं दोन याप्रमाणें सुती चड्ड्या पाठविण्यांत आल्या व त्या आपापल्या जमिनींत पुरण्यास सांगण्यांत आलें. एक चड्डी महिन्यानें उकरून पाहावयाची, दुसरी दोन महिन्यांनीं. ज्या जमिनींत कापड लवकर कुजेल ती जमीन सजीव. जींत तें जसेंच्या तसें राहील ती दुर्बळ, असा या परीक्षेचा सरळ हिशेब. अमेरिका व कॅनडा येथील शेतकऱ्यांतहि ही परीक्षा पूर्वींपासून चालत आली आहे. कसदार जमिनींतून दोन महिन्यांनीं चड्डी वर काढली म्हणजे कापड बहुतेक नाहींसें झालेलें असतें. हातीं येतो तो कमरेचा ताणपट्टा आणि कृत्रिम धाग्याची शिवण.

परीक्षा घेणारांचें लक्ष नाहींशा झालेल्या कापडाकडे होतें. आम्ही आज वाचकांचें लक्ष मागें राहिलेल्या पट्ट्याकडे वेधूं इच्छितों. जें कापड गेलें तें आपल्या शेतांत पिकणाऱ्या कापसाचें होतें. जें राहिलें तें खनिज तेलापासून कारखान्यांत झालेलें होतें. हल्लीं हें दुसऱ्या जातीचें कापड आपल्या घरांत, आपल्या अंगावर व न कळत आपल्या शेतांतहि येऊन पोंचलें आहे. त्याचें स्वरूप काय, त्यापासून मातीस काय होतें, आणि आपण काय करावें, या तीन गोष्टींचा विचार क्रमानें करूं.

हा धागा काय आहे

पूर्वीं कापडास ताण हवा असेल तर रबराच्या चिकाचा बारीक धागा सुतानें गुंडाळून वापरीत. रबर जड असे, घामानें व उन्हानें चिरत असे, आणि त्याचा अगदीं बारीक तंतु काढणें कठीण असे. १९३७ सालीं जर्मनींत ऑटो बायर या रसायनशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं पॉलियुरेथेन नांवाचा नवा पदार्थ सिद्ध केला. पुढें अमेरिकेंत ड्यू पाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स या शास्त्रज्ञानें १९५८ सालीं त्याच वर्गांतील पदार्थापासून धागा काढला, व १९६२ सालापासून तो ‘लायक्रा’ या नांवानें बाजारांत आला. या धाग्याच्या सर्व जातींस मिळून स्पॅन्डेक्स असें म्हणतात. आपल्याकडील कापडदुकानदार त्यास सरसकट ‘लायक्रा’ किंवा ‘स्ट्रेच’ म्हणतात.

याची रचना समजण्यास सोपी आहे. सैल गुंडाळलेल्या लांब दोरीस जागजागीं घट्ट गांठी मारल्या आहेत अशी कल्पना करावी. ओढलें म्हणजे मधला सैल भाग उलगडतो, परंतु गांठी सुटत नाहींत. सोडलें कीं सर्व दोरी पूर्ववत् जमते. स्पॅन्डेक्सच्या सूक्ष्म सांखळींत असेच मऊ व कठीण भाग आळीपाळीनें असतात. त्यामुळें हा धागा आपल्या लांबीच्या पांचपटीहूनहि अधिक ताणतो व पुन्हां जागेवर येतो. तो एकटा क्वचितच वापरतात. सुती विजारींत तो शेंकडा दोन ते पांच असतो. स्त्रियांच्या अंगालगतच्या तुमानींत, खेळाच्या व पोहण्याच्या कपड्यांत त्याचें प्रमाण पुष्कळ वाढतें, आणि तेथें त्याचा जोडीदार बहुधा पॉलिएस्टर किंवा नायलॉन असतो.

पॉलिएस्टरची ओळख आपल्या वडील पिढीस ‘टेरिलीन’ व ‘टेरिकॉट’ या नांवांनीं आहेच. त्याचा शोध १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन या दोघांनीं लावला. तेव्हां ताणाच्या कापडाचा विचार करावयाचा तो केवळ स्पॅन्डेक्सपुरता करून चालत नाहीं. त्याच्याबरोबर येणाऱ्या या जोडीदारांचाहि करावा लागतो.

तो कशापासून व किती होतो

कापसाच्या बोंडास सूर्य, पाऊस व काळी माती पुरते. पॉलिएस्टर, नायलॉन व स्पॅन्डेक्स यांस कच्चा माल म्हणून खनिज तेल, नैसर्गिक वायु किंवा दगडी कोळसा लागतो. स्पॅन्डेक्सचा धागा काढण्याच्या नेहमींच्या रीतींत तो पदार्थ डायमेथिल अॅसिटामाइडसारख्या द्रावकांत विरघळवून बारीक छिद्रांतून सोडतात व गरम हवेनें द्रावक उडवून देतात. हे द्रावक यकृतास अपायकारक आहेत. चांगल्या कारखान्यांत ते धरून पुन्हां वापरतात. जेथें व्यवस्था ढिली असते तेथें त्यांचा त्रास आधीं कामगारांस, मग भोंवतालच्या हवापाण्यास होतो. जगांतील स्पॅन्डेक्सपैकीं निम्म्याहून पुष्कळ अधिक माल एकट्या चीन देशांत निघतो.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक आंकडा देतों. २०२३ सालीं जगांत सर्व प्रकारचे मिळून सुमारें १२ कोटि ४० लक्ष टन तंतु तयार झाले. त्यांत पॉलिएस्टरचा वांटा शेंकडा ५७ च्या आसपास होता, व कापसाचा सुमारें २०. स्पॅन्डेक्सचा वांटा शेंकडा एकच्या जवळपास, म्हणजे दिसण्यांत अगदीं थोडा आहे. परंतु भाजींतील मिठाप्रमाणें तो थोडा असूनहि सर्वत्र मिसळलेला असतो, आणि जेथें मिसळतो तेथें कापडाचा स्वभावच पालटतो.

धुतांना काय होतें

कोणतेंहि कापड धुतांना त्याचे बारीक तंतु सुटतात. सुती कापडाचेहि सुटतात, व कांहीं वेळां अधिकच सुटतात. भेद आहे तो पुढें. सुती तंतु म्हणजे झाडाचें काष्ठसत्त्व. मातींतील व पाण्यांतील सूक्ष्म जीव तें खाऊन संपवितात. पॉलिएस्टरचा तंतु खाणारा जीव आपल्या शेतांत व्यवहारतः नाहीं. तो तुटून लहान होत जातो, पण नाहींसा होत नाहीं.

इंग्लंडांतील प्लिमथ विद्यापीठांत २०१६ सालीं झालेल्या प्रयोगांत सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यामागें किती तंतु सुटतात याचा अंदाज काढण्यांत आला. पॉलिएस्टर व कापूस यांच्या मिश्र कापडांतून सुमारें १ लक्ष ३८ हजार, निव्वळ पॉलिएस्टरमधून सुमारें ४ लक्ष ९६ हजार, व अॅक्रिलिक, म्हणजे नकली लोंकर, हिच्यांतून ७ लक्ष २८ हजारांहून अधिक तंतु निघाले. तत्पूर्वीं २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत सहा खंडांतील अठरा ठिकाणचे समुद्रकिनारे तपासले असतां सर्वत्र असे तंतु आढळले होते.

‘समुद्र आमच्यापासून लांब आहे’ असें आमच्या देशावरील वाचकांस वाटेल. परंतु या तंतूंची वाट समुद्राआधीं शेतांतून जाते. शहराचें सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रांत शेंकडा नव्वदांहून अधिक तंतु पाण्यांतून वेगळे होतात, आणि ते जातात केंद्राच्या गाळांत. हा गाळ नत्र व स्फुरद यांनीं युक्त असल्यामुळें युरोप व अमेरिका येथें खत म्हणून शेतांत घालतात. २०१६ सालीं काढलेल्या एका अंदाजाप्रमाणें युरोपांतील शेतजमिनींत या मार्गानें दरसाल ६३ हजार ते ४ लक्ष ३० हजार टन प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण व तंतु पडत असावेत. अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांना तर गाळ घातल्यानंतर पंधरा वर्षांनींहि त्या जमिनींत कृत्रिम तंतु ओळखूं येण्याजोगे सांपडले. ही गोष्ट २००५ सालीं प्रसिद्ध झाली.

मातीस काय होतें

या प्रश्नाचें उत्तर देतांना आम्ही भीति घालूं इच्छीत नाहीं व निष्काळजीपणासहि उत्तेजन देऊं इच्छीत नाहीं. जें दिसून आलें तेवढेंच सांगतों.

बर्लिन येथील संशोधकांनीं २०१८ सालीं मातींत पॉलिएस्टरचे तंतु मिसळून पाहिले. माती हलकी झाली, तिची पाणी धरण्याची शक्ति उलट वाढली, परंतु पाण्यांत न विरघळतां टिकणारे मातीचे रवे कमी झाले. हे रवे म्हणजे जमिनीची घडण होय. रवे मोडले कीं पावसानें माती चोपते व वाहून जाते, हें आपणांस सांगावयास नको. २०१९ सालीं इंग्लंडांत गांडुळांस पॉलिएस्टरचे तंतु मिसळलेल्या मातींत ठेविलें. तीं मेलीं नाहींत. पण तंतूंचें प्रमाण शेंकडा एक झालें तेव्हां त्यांच्या विष्ठेचें प्रमाण बरेंच घटलें. गांडुळाची विष्ठा म्हणजे शेतकऱ्याची फुकटची नांगरट व खत. त्याच वर्षीं इंग्लंडांतील दुसऱ्या एका प्रयोगांत कपड्यांच्या कृत्रिम तंतूंनीं युक्त अशा मातींत राय गवताचें बीं सुमारें शेंकडा सात कमी उगवलें.

हे प्रयोग कुंडींतले आहेत, आणि त्यांत घातलेलें प्रमाण सामान्य शेतांतील प्रमाणाहून बरेंच अधिक आहे, हें लक्षांत ठेवावें. आज आपलें पीक पॉलिएस्टरमुळें बुडत आहे असें कोणी म्हणूं नये. परंतु एक भेद विसरतां कामा नये. चुकीचें खत पडलें तर चार पावसाळ्यांत त्याचा परिणाम ओसरतो. हा तंतु पडला कीं पडला. तो वेंचून काढण्याचें कोणतेंहि अवजार आजमितीस शेतकऱ्यापाशीं नाहीं. जें परत काढतां येत नाहीं तें घालतांनाच विचार करावा, हा शेतीचा जुना दंडक आहे.

आपल्या शेतांत तो कोणत्या वाटांनीं येतो

पहिली वाट शहराच्या पाण्याची. मोठ्या शहरांच्या खालच्या अंगास नदीनाल्यांचें पाणी उचलून ओलीत करण्याची चाल सर्वत्र आहे. पुण्याखालीं मुंढवा येथें नदीचें पाणी उचलून जुन्या बेबी कालव्यानें हवेली व दौंड तालुक्यांतील शेतीस देण्याची योजना झालेली आहे. जें सांडपाणी शुद्ध न होतां नदींत मिळतें त्यांतील तंतु पाण्याबरोबर वाफ्यांत येतात. पाणी दुर्मिळ असतां तें नाकारा असें आम्ही म्हणणार नाहीं. पण शहरांनीं तें शुद्ध करूनच सोडलें पाहिजे अशी मागणी करण्याचा आपला हक्क आहे.

दुसरी वाट शहरी कचऱ्याच्या खताची. त्यांत कापडाच्या चिंध्या व प्लॅस्टिक यांचे तुकडे कितीदां तरी दिसतात. स्वस्त मिळतें म्हणून न चाळलेलें खत घेणें हें खरें स्वस्त नव्हे.

तिसरी वाट आपण स्वतः केलेली आहे. रानडुकरें व रोही यांपासून पीक राखण्यासाठीं शेताभोंवतीं जुन्या साड्या बांधण्याची पद्धत विदर्भांत व इतरत्रहि फार पसरली आहे. या साड्या बहुतेक पॉलिएस्टरच्या किंवा नायलॉनच्या असतात. एकदोन उन्हाळे गेले म्हणजे उन्हानें त्या जीर्ण होतात, वाऱ्यानें त्यांच्या चिरफळ्या होतात, आणि शेवटीं त्या नांगराखालीं जातात. टोमॅटो किंवा वेल बांधण्यास वापरलेल्या ताणाच्या कापडाच्या पट्ट्यांचेंहि तेंच होतें. रानडुकरांनीं एका रात्रींत ज्याचें पीक उध्वस्त केलें त्यास साडी बांधूं नको असें सांगणें सोपें नाहीं. म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, बांधलेली साडी फाटण्यापूर्वीं उतरवावी, हंगाम संपतांच गुंडाळून घरीं न्यावी, व तिचे तुकडे शेतांत पडूं देऊं नयेत.

चौथी वाट उकिरड्याची. पूर्वीं जुनें धोतर किंवा लुगडें गोधडींत जाई, गोधडी विरली कीं उकिरड्यावर, आणि तेथून खत होऊन शेतांत. ती रीत शहाणपणाची होती, कारण तें कापड शेतांतूनच आलेलें होतें. आज कापड पालटलें, पण रीत तीच राहिली. आणि म्हणून कालचें शहाणपण आज चूक ठरत आहे.

कापूस तरी निर्दोष आहे काय

न्यायाचें बोलावयाचें तर दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. कापसाच्या ओलितासाठीं अमूदर्या व सिरदर्या या नद्यांचें पाणी १९६० नंतर वळविल्यामुळें मध्य आशियांतील अरल समुद्र बहुतांशीं आटून गेला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. ही हानि ज्या पिकानें केली तें आपलेंच आहे. शिवाय कृत्रिम कापड स्वस्त पडतें, लवकर वाळतें व पुष्कळ टिकतें. पावसांत राबणाऱ्या मजुरानें तें पसंत केलें तर त्यास दोष देतां येत नाहीं.

तरीहि दोन दोषांत फरक आहे. कापसाचे दोष लागवडीच्या रीतीचे आहेत. आमचा कापूस बहुतांशीं कोरडवाहू आहे. फवारणी कमी करणें, तोंडावर फडकें व हातमोजे वापरणें, मित्रकिडी राखणें, हें आपल्या हातांतलें आहे. कृत्रिम धाग्याचा न कुजण्याचा दोष मात्र त्याच्या प्रकृतींतच आहे. शेतकऱ्यानें कितीहि दक्षता घेतली तरी तो सुधारत नाहीं.

मिश्र कापडाची अडचण तर याहून मोठी. जुनें निव्वळ सुती किंवा लोंकरी कापड पिंजून पुन्हां सूत काढतां येतें. हरियाणांतील पानिपत हें गांव याच धंद्यावर नांवारूपास आलें आहे. परंतु कापडांत स्पॅन्डेक्स मिसळलें म्हणजे पिंजणाऱ्या यंत्रांत तो धागा तुटण्याऐवजीं ताणतो, गुंडाळतो व यंत्र अडवितो. शेंकडा दोन मिसळीनें शेंकडा अठ्ठ्याण्णव कापसाचा पुनरुपयोग असा दुर्घट होतो. आपण पिकविलेल्या उत्तम कापसाचा शेवट मग बहुधा कचऱ्याच्या ढिगांतच होतो.

वाचकांच्या मनांत येईल कीं, ताण हवा असेल तर दुसरा उपाय कोणता? उपाय आपल्या अंगावरच आहे. साधें सुती बनियन ताणतें, तें रबरानें नव्हे, तर विणीनें. त्यांत सूत उभेंआडवें न बसवितां फांसे एकांत एक गुंतविलेले असतात, आणि फांसा ओढला कीं लांबतो. असें विणलेलें सुती कापड स्पॅन्डेक्सइतकें घट्ट बसणार नाहीं. परंतु शेतांत वांकण्या-बसण्यास तें पुरेसें सैल असतें.

काय करावें

१. कापड घेतांना आंतील चिठ्ठी वाचावी. चिठ्ठी नसेल तर एक सुटा धागा उघड्यावर जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचाच येतो व मऊ राख उरते. लोंकरीस केंस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर आकसतें, वितळतें, काळा धूर सोडतें व शेवटीं कठीण मणी उरतो.

२. परीक्षेपुरता एखादा धागा सोडून कृत्रिम कपडे चुलींत किंवा शेकोटींत जाळूं नयेत. नायलॉन व स्पॅन्डेक्स यांत नत्र असल्यामुळें त्यांच्या धुरांत हायड्रोजन सायनाइडसारखा जहाल वायुहि उत्पन्न होऊं शकतो.

३. कृत्रिम कपडे गरज असेल तेव्हांच, थंड पाण्यांत, फार न आपटतां धुवावेत. यंत्रांत धुवावयाचे झाल्यास यंत्र पुरतें भरावें. अर्ध्या भरलेल्या यंत्रांत कापडास घासणी अधिक बसते. फ्रान्स देशानें तर २०२० सालच्या कायद्यांत नव्या धुलाईयंत्रांस तंतु अडविणारी गाळणी असावी अशी तरतूद केली आहे.

४. वेल व रोपें बांधण्यास केळीचें सोपट, अंबाडी किंवा घायपात यांचा दोर, किंवा निव्वळ सुती चिंधी वापरावी. हंगामाअखेर तीं शेतांतच राहिलीं तरी हरकत नाहीं.

५. उकिरड्यावर केवळ सुती चिंध्या टाकाव्यात, व त्याहि बटन, नाडा व ताणपट्टा काढून.

६. शेतांत मोडकळीस आलेल्या साड्या व पट्ट्या असतील त्या नांगरटीपूर्वीं वेंचून घ्याव्यात.

शेवटीं एक सूचना. येत्या पावसाळ्यांत, जमिनींत ओल आली म्हणजे, प्रत्येक वाचकानें आपल्या शेतांत एक वीतभर खोल दोन चिंध्या शेजारींशेजारीं पुराव्यात. एक निव्वळ सुती व दुसरी ताणाच्या कापडाची. जागेवर खुंटी मारून ठेवावी. दोन महिन्यांनीं दोन्ही उकरून पाहाव्यात. सुती चिंधी किती राहिली यावरून आपल्या जमिनीच्या जिवंतपणाची परीक्षा होईल. दुसरी चिंधी काय सांगते तें वेगळें सांगण्याची जरूर पडणार नाहीं. ती मुलांस अवश्य दाखवावी. जमिनीचा प्रकार, मागील पीक व शेणखत घातलें किंवा कसें एवढी माहिती देऊन ज्यांनीं आपला अनुभव कळविला त्यांचीं पत्रें आम्ही आनंदानें छापूं.